मदत हवी आहे: एसएसएचवरून नव्या ग्राफिकल खिडक्या थोड्या वेळाने उघडेनाशा होतात

नमस्कार मंडळी. दूरच्या लिनक्स सर्व्हरवरचा एक ग्राफिकल प्रोग्रॅम मी एसएसएचमधून (दूरच्या संगणकावर सुरक्षित लॉगिन करायची सोय) एक्स११ फॉरवर्डिंग करून, म्हणजे त्याच्या खिडक्या इकडे आणून, माझ्या लिनक्स लॅपटॉपवर वापरतो. लॉगिन करताना कॅपिटल एक्सचा पर्याय देतो. सुरुवातीला सगळं व्यवस्थित चालतं. साधारण वीस मिनिटं झाली की नवी खिडकी उघडतच नाही, 'डिस्प्ले उघडता येत नाही' अशा अर्थाची एरर येते. गंमत म्हणजे आधीच उघडलेल्या खिडक्या चालूच राहतात आणि टर्मिनलही तुटत नाही, त्यामुळे नेटवर्कवर माझा संशय नाही.

सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक्स११ फॉरवर्डिंग 'यस' आहे, एक्सऑथ (स्क्रीन वापरण्याच्या परवानगीची किल्ली सांभाळणारा प्रोग्रॅम) इन्स्टॉल आहे. खिडकी कुठे दाखवायची ते सांगणारं डिस्प्ले व्हेरिएबल एरर आल्यावरही लोकलहोस्ट:१०.० असंच दिसतं. बाहेर पडून पुन्हा लॉगिन केलं की परत वीस मिनिटांची निश्चिंती!

कॅपिटल वायचा पर्याय दिला तर अडचण येत नाही. पण त्याने सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमला माझ्या स्क्रीनवर आणि कीबोर्डवर पूर्ण मोकळीक मिळते, आणि हा सर्व्हर बरेच जण वापरतात. म्हणून तो कायमचा ठेवायला मन धजावत नाही. कॅपिटल एक्स वापरतानाची ही वीस मिनिटांची मुदत माझ्या लॅपटॉपवरच्या एसएसएच कॉन्फिगमधून वाढवता येते का? कोणती ओळ घालायची, कृपया सांगा.