गाडीतला गॅसवरचा फ्रिज काढून घरातला साधा फ्रिज बसवावा: माझं मत, तुमचं सांगा

रामबागचे काका

परवा मांडूहून परतलो आणि आल्या आल्या पहिलं काम केलं ते म्हणजे फ्रिजमधलं एक किलो श्रीखंड ओतून दिलं. दूध तर तिथंच फाटलं होतं. म्हणून हा धागा.

गाडी आमची ट्रॅव्हलर व्हॅन, इथल्याच, इंदूरजवळच्या पिथमपूरच्या कारखान्यातली. आधीच्या मालकानं हौसेनं आत ओटा, दोन बिछाने आणि नव्वद लिटरचा परदेशी फ्रिज बसवून घेतलेला. गॅस, घरची वीज आणि गाडीची बॅटरी, तिन्हींवर चालतो. मी गाडी घेतली ती या फ्रिजवरच भाळून. आवाज नाही, थरथर नाही, कॉम्प्रेसरच नाही. पण मे महिन्यात दुपारी दोनला रूपमती मंडपाच्या वाटेवर गाडी उभी केली, बाहेर ४१ अंश, आणि फ्रिजमधला थर्मामीटर १५ दाखवत होता. त्याला फ्रिज म्हणायचं की माठ? माठही बरा, निदान पाणी तरी प्यावंसं वाटतं.

माझं मत असं: हा काढावा आणि घरात असतो तो एकदारी, इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रिज बसवावा. विजेवर लावला तर या गॅसवाल्याची कॉइल १३० वॅट खाते आणि उन्हाळ्यात बंद होण्याचं नाव घेत नाही, म्हणजे दिवसाला तीन युनिट. घरचा १८० लिटरचा फ्रिज लेबलप्रमाणे वर्षाला दीडशे ते दोनशे युनिट घेतो, म्हणजे दिवसाला अर्ध्या युनिटाच्या आसपास. आकार दुप्पट, खर्च सहाव्या हिश्शाचा. आणि दुरुस्ती? सियागंजपासून जेल रोडपर्यंत फिरलो. एकानं मागून डोकावून विचारलं, "इसमें कंप्रेसर किधर है, अंकल?" मी घरी आलो.

कढी आणि केमिस्ट्री

काका, पूर्ण असहमत. बिचाऱ्याचा दोष काय तो आधी समजून घ्या, मग हाकला.

या फ्रिजमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन अशी तीन पात्रं आहेत. खालच्या ज्योतीनं पाण्यातला अमोनिया उकळून वर जातो, मागच्या जाळीत थंड होऊन द्रव होतो, आणि आत फ्रिजरच्या नळीत उतरतो. तिथं हायड्रोजन भरलेला असल्यानं अमोनियाच्या वाट्याचा दाब एकदम कमी होतो, तो भराभर वाफ होतो आणि तुमच्या श्रीखंडातली उष्णता घेऊन जातो. खाली आला की पाणी त्याला पुन्हा पिऊन टाकतं. पंप नाही, सगळा कारभार गुरुत्वाकर्षणावर. १९२२ साली स्टॉकहोममध्ये दोन इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी, फॉन प्लाटेन आणि मुंटर्स यांनी, हे काढलं आणि १९२५ पासून इलेक्ट्रोलक्सनं विकलं. आइन्स्टाइन आणि झिलार्ड या दोघांनीसुद्धा बिनपंपाच्या फ्रिजचं पेटंट घेतलं होतं, १९३० साली. तुम्ही ज्याला माठ म्हणता तो एवढ्या मोठ्या घराण्यातला आहे.

आता मुद्दा. मागची जाळी गार व्हायला तिच्या पाठीमागून हवा वर चढली पाहिजे, चुलीच्या धुराड्यासारखी. बाहेरच्या पत्र्याला खाली एक आणि वर एक झरोका आहे का? जाळी आणि पत्रा यांच्यामध्ये रुंद पोकळी सोडली असेल तर हवा जाळीला न शिवता सरळ वर निघून जाते. ती पोकळी पत्र्याच्या तुकड्यानं अरुंद करा, वर बारा व्होल्टचे दोन कॉम्प्युटरचे पंखे लावा. आणि गाडी समपातळीत होती का? चालत्या गाडीत हरकत नाही, आत डचमळत राहतं. उभी गाडी तासन् तास कलती राहिली की द्रव अडतो आणि थंडावा संपतो. मांडूला सपाट जागा शोधून दाखवा!

भेरूघाट

काकांशी सहमत. पंपावर डिझेल भरायला जाताना मागं ज्योत पेटलेली आहे हे आठवून एकदा माझ्या हातापायाला घाम फुटला होता. दरवेळी पंपाआधी विझवा, नंतर पेटवा. विसरलो तर?

सुदामा नगर ते फिनिक्स

मी मूळचा सुदामा नगरचा, आता ॲरिझोनात. इकडे मोटरहोमवाल्यांमध्ये हा वाद फार जुना आहे, आणि मी स्वतः चार वर्षांपूर्वी अदलाबदल केली, त्यामुळे काकांच्या बाजूनं, पण शंभर टक्के नाही.

आमचा मोठा दोन दारांचा गॅस फ्रिज होता. फिनिक्सच्या जुलैत तोही काकांच्या फ्रिजसारखाच हात टेकायचा. काढायची वेळ आली तेव्हा कळलं की तो गाडीच्या दारातून बाहेरच येत नाही. कारखान्यात आधी फ्रिज ठेवतात आणि मग भिंती उभ्या करतात. शेवटी बाजूची खिडकी चौकटीसकट काढली. तेव्हा काका, दुकानात जाण्याआधी दाराची रुंदी मोजा. फ्रिजची नव्हे, दाराची.

दुसरं, जुने झरोके बंद करावे लागतात, नाहीतर धूळ आणि पाऊस थेट कपाटात. पण हवा पूर्ण कोंडूही नका. हल्लीच्या फ्रिजच्या बाजूच्या भिंतीच गरम होतात, कारण जाळी त्यांच्या आत दडवलेली असते. दोन्ही बाजूंना बोटभर-दोन बोटं जागा हवीच. लाकडी कपाटात घट्ट बसवलात तर तोही रडेल आणि तुम्ही परत इथंच धागा काढाल.

तिसरं, घरच्या फ्रिजच्या दाराला फक्त चुंबक असतो. पहिल्याच वळणावर आमची अंडी ड्रायव्हरच्या सीटपर्यंत आली. बाहेरून खिट्टी लावा. फ्रिज खाली चाकांवर ठेवू नका, पायाशी आणि वर पट्ट्यांनी गाडीच्या सांगाड्याला बांधा. गॅसची सुटलेली नळी बोळा कोंबून नव्हे, पितळी प्लगनं बंद करा आणि साबणाच्या पाण्यानं तपासा. वहिनींचा गॅसचा ओटा त्याच नळीवर असणार.

समाधानी आहे का? आहे. पण माझ्याकडे बॅटऱ्या भरपूर आहेत आणि जनरेटर आहे. जंगलात आठवडाभर राहणारे माझे दोन मित्र अजून गॅसवरच आहेत आणि मला हसतात.

नर्मदेकाठची

आता माझं ऐका. मी ठाम विरोधात आहे.

मागच्या थंडीत आई-बाबा नर्मदा परिक्रमेतला एक टप्पा चालले आणि मी गाडी घेऊन मागे. आईचं इन्सुलिन गाडीत. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात, त्यात "चालतंय, होईल" नसतं. अकरा दिवस. कधी आश्रमाच्या अंगणात, कधी घाटाजवळच्या झाडाखाली. प्लग कुठं मिळाला, कुठं नाही, मिळाला तिथं वीज नव्हती. आकाश तीन दिवस ढगाळ, त्यामुळे सोलरचंही भलं झालं. गॅसचा फ्रिज एका पाच किलोच्या सिलिंडरवर चालला. निघताना आणि आल्यावर मी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला: तीन किलोला थोडं कमी. तापमान पाचच्या पुढं गेलं नाही. फ्रिजखेरीज त्या दिवसांत मी कशालाच एवढे धन्यवाद दिले नसतील.

काका, तुम्ही युनिटांचा हिशेब करता तो प्लगला लावून. गॅसवर चालणाऱ्या वस्तूचा हिशेब विजेत करायचा आणि मग ती खादाड आहे म्हणायचं, हे न्यायाचं नाही.

रामबागचे काका

ताई, मान्य. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. थंडीत आणि सावलीत तुमचा फ्रिज जिंकला. पण मालव्यात थंडी किती महिने? आणि आम्ही दोघं बहुतेक वेळा हॉटेलच्या आवारात किंवा नातेवाइकांच्या दारात गाडी लावतो. देवासला मेव्हण्याकडे, उज्जैनला साडूकडे. प्लग असतोच.

नसेल तेव्हाचा हिशेब मांडतो. बारा व्होल्टच्या, दीडशे अँपिअर-तासांच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या आहेत. कागदावर ३.६ युनिट, पण निम्म्याखाली उतरवायच्या नाहीत म्हणून १.८ धरा. तापलेल्या गाडीत फ्रिज अर्ध्याऐवजी एक युनिट घेईल. छतावर ३०० वॅटचं पॅनल, मे महिन्यात युनिट-सव्वा युनिट देतं. उकाडा जास्त तेव्हा ऊनही जास्त, जोडी जमते.

बारा व्होल्ट

हिशेबात एक गळती आहे. बॅटरीची वीज घरच्या विजेसारखी करणारा इन्व्हर्टर नुसता चालू राहायलाच दहा-वीस वॅट खातो. पंधरा धरले तरी चोवीस तासांत ०.३६ युनिट, म्हणजे फ्रिजच्या खुराकाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त, तेही काहीही गार न करता. तुमचे १.८ दीड दिवसही पुरणार नाहीत. जुलैत तर विसराच. शिवाय इन्व्हर्टर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणाराच हवा. बाजारातल्या स्वस्त स्क्वेअर वेव्हवर इन्व्हर्टर कॉम्प्रेसरची सर्किट प्लेट कधी जाईल सांगता येत नाही.

तुम्ही दोघं उगाच भांडताय. बारा-चोवीस व्होल्टवर थेट चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज घ्या. इन्व्हर्टर नको, ज्योत नको, कलती जागाही चालते, खिट्टी कारखान्यातूनच येते.

भेरूघाट

भिया, त्याची किंमत पाहिली का? घरच्या फ्रिजच्या दुपटीहून वर. आणि तो बिघडला तर? घरच्या फ्रिजचा मिस्त्री बडवानीलाही भेटतो, झाबुआलाही भेटतो. माझ्या घरच्या फ्रिजचा कपॅसिटर जुलवानियाच्या एका पोरानं चहा संपेपर्यंत बदलून दिला.

बाकी केमिस्ट्रीवाले सर, एक विचारतो. हायड्रोजन आणि अमोनिया उशाशी घेऊन झोप लागते का तुम्हाला?

कढी आणि केमिस्ट्री

उत्तम लागते. तुमच्या घरच्या फ्रिजमध्ये काय भरलंय ते मागचं लेबल वाचून सांगा. आर-६००ए लिहिलं असेल. ते आयसोब्युटेन आहे, म्हणजे एलपीजीच्या कुटुंबातलंच, छान पेटतं. साधारण पन्नास ग्रॅम असतं म्हणून आपण घाबरत नाही.

धोका मी नाकारत नाही. जुन्या गॅस फ्रिजमध्ये बॉयलरजवळ, म्हणजे अमोनिया उकळतो तिथं, नळी गंजून फुटू शकते आणि तिथंच शेजारी ज्योत असते, आग लागते. पण इशारा मिळतो. नवसागर आणि चुना एकत्र चोळल्यावर नाकात जातो तो वास फ्रिजजवळ आला किंवा मागे पिवळसर पूड दिसली, तर त्या क्षणी बंद. पुन्हा पेटवायचा नाही, दुरुस्तीच्या फंदातही पडायचं नाही. काकांचा फ्रिज किती जुना आहे ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही, आणि माझ्या मते सगळ्या धाग्यात तोच खरा प्रश्न आहे.

नर्मदेकाठची

आणि लेबलवर हवामानाचा वर्ग पाहा, काका. "एन" असेल तर तो ३२ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलाय, "टी" असेल तर ४३ पर्यंत. एन वर्गाच्या फ्रिजला ४१ अंशांत उभं करून माठ म्हणणं म्हणजे स्वेटर घातलेल्या माणसाला घाम येतो म्हणून हसणं.

रामबागचे काका

लेबल पाहिलं. दहा वर्षांचा आहे. वर्ग "एन". वास नाही, पिवळं काही नाही, टॉर्च घेऊन नीट पाहिलं.

सरांचं ऐकून जेल रोडवरून दोन पंखे आणले, पोकळीत पत्रा ठोकला, गाडी अंगणात पाणसळ लावून सरळ केली. काल दुपारी बाहेर ४०, आत ९. पंधरावरून नऊ! सरांना आमच्याकडून पोहे-जलेबी पक्की.

कढी आणि केमिस्ट्री

म्हणजे मत बदललं?

रामबागचे काका

नाही. नवावर दूध टिकतं, पण आमच्या हिच्या हिशेबात फ्रिज म्हणजे चार-पाच. आणि मला दहा वर्षांच्या बॉयलरशेजारी झोपायचं नाही. तुमचं ऐकूनच हे ठरवलं, रागावू नका.

घरचा फ्रिज काल आला. दारातून जेमतेम दोन बोटं राखून जातो, फिनिक्सवाल्यांचे आभार. पण गाडीत अजून नेलेला नाही. व्हरांड्यात ठेवलाय, गाडीतल्याच बॅटऱ्या आणि नव्या साइन वेव्ह इन्व्हर्टरवर जोडलाय, मधे वॅटमीटर. तीन दिवस प्रवासात उघडतो तसा उघडझाप करणार. पहिल्या चोवीस तासांचा आकडा इन्व्हर्टरसकट १.२ युनिट. बारा व्होल्टवाले, तुमची गळती खरी निघाली. तिसऱ्या दिवशीही बॅटरी तरली तरच जुन्याचे स्क्रू उघडतो.

जुना भंगारात द्यायचा जीव होत नाही. पण दहा वर्षांचा आहे हे लपवणार नाही. ताई, सुटे भाग म्हणून हवा असेल तर सांगा.

नर्मदेकाठची

बर्नर आणि थर्मोस्टॅट द्या. आणि पंखे.

रामबागचे काका

पंखे नाही. नव्याच्या कपाटाला लागणार आहेत.