पडद्यावरचे पात्रच रडून मोकळे झाले, तर प्रेक्षकासाठी काय उरते? (टोपणनावांनी लिहिणाऱ्यांची चर्चा)

मुक्कामपोस्ट:
एखाद्या चित्रपटाची शिफारस करताना ‘रुमाल घेऊन जा’ एवढे सांगितले की त्याच्या थोरवीचा वेगळा पुरावा द्यावा लागत नाही, अशी आपल्याकडे समजूत आहे. मला ती मान्य नाही. आजारी मूल, म्हातारे आईबाप किंवा मुके जनावर यांपैकी कुणाला तरी संकटात टाकावे, मागे व्हायोलिन लावावे आणि पात्राला भरपूर हुंदके देऊ द्यावेत, एवढ्या भांडवलावर बहुतेकांचे डोळे पाणावतात. अवघड असते ते प्रेक्षकाच्या वाट्याला काही दुःख शिल्लक ठेवणे, आणि माझ्या मते ते तेव्हाच साधते जेव्हा पात्राला त्या क्षणी रडण्यापेक्षा निकडीचे दुसरे काही काम असते.

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) आठवून पाहा. कोकणातून नातवाला घेऊन शहरातल्या रुग्णालयात आलेल्या आजोबांना कळते की मुलाच्या डोळ्यांना कर्करोग आहे, जीव वाचवायचा तर शस्त्रक्रिया करावी लागेल आणि त्यानंतर त्याला कधीही दिसणार नाही. दुसऱ्या कुणी या ऐवजावर दोन तास रडारड केली असती. इथे मात्र आजोबांपुढे कामे वाढून ठेवली आहेत, आणि त्यांतले सर्वांत कठीण काम म्हणजे ही गोष्ट त्या मुलाला सांगणे, कारण रुग्णाला कल्पना दिल्याशिवाय शस्त्रक्रिया करता येणार नाही हे डॉक्टरने बजावलेले असते. पुढे आजोबा कुणालाही न सांगता मुलाला वॉर्डातून बाहेर काढतात आणि शहर दाखवायला नेतात. अरुण नलावडे या प्रसंगात करुण दिसण्याचा कसलाही प्रयत्न करत नाहीत, अश्विन चितळेचा परशा तर मजेत असतो. हे सगळे तो शेवटचे पाहतो आहे, हा हिशेब आपण आपल्या खुर्चीत बसून करत राहतो.

याच्या उलट टोकाला ‘माहेरची साडी’ (१९९१) आहे. तिथे सासुरवासाने गांजलेली नायिका स्वतःच्या वाट्याचे आणि आपल्याही वाट्याचे रडून टाकते, आणि प्रेक्षकाने फक्त साथीला बसायचे असते.

जुनी पेटी:
‘श्वास’बद्दल माझा वाद नाही, पण त्याची उंची दाखवण्यासाठी ‘माहेरची साडी’ पायाखाली घेण्याची जी सवय आपल्या लिहिणाऱ्या वर्गाला लागली आहे, तिच्याबद्दल आहे. तो चित्रपट पाहायला झुंडीने गेलेल्या बायकांना दुःखाची ओळख करून घ्यायची नव्हती. ते त्यांच्या घरात होतेच. ज्या घरात डोळ्याला पदर लावला तरी ‘आता काय झालं?’ असा प्रश्न येतो, तिथून तीन तासांसाठी बाहेर पडून, शेजारणीच्या खांद्याला खांदा लावून, कुणालाही कारण न सांगता रडण्याची ती जागा होती. नायिका झालेल्या अलका कुबल यांनी हुंदका गिळला असता तर परीक्षणांत ‘संयत अभिनय’ असे शब्द आले असते, पण त्या बायकांचा तिकिटाचा पैसा वाया गेला असता.

शिवाय हा चित्रपट ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी चित्रपटावर बेतलेला होता आणि पुढे हीच कथा हिंदीतही गेली. इतक्या भाषांतल्या बायकांना त्यात आपले काही सापडत असेल, तर त्यांची अभिरुची कच्ची होती असे म्हणून सुटका होणार नाही. जात्यावरच्या ओव्यांत सासुरवास कसलाही आडपडदा न ठेवता, नाव घेऊन गायला जातो. त्या ओव्यांची संकलने आपण आदराने वाचतो आणि तेच दुःख पडद्यावर आले की नाक मुरडतो.

तिसरी घंटा:
पात्राने रडू नये, हा नियम आपल्या परंपरेला तर ठाऊकच नाही. नाट्यशास्त्रात अश्रू हा आठ सात्त्विक भावांपैकी, म्हणजे मनातली भावना शरीरावर उमटवणाऱ्या खुणांपैकी, एक आहे आणि तो नटाने प्रकट करायचा असतो. म्हणजे रंगमंचावरचे रडणे हे नटाचे कसब मानले गेले, लेखकाचा दुबळेपणा नव्हे. भवभूतीचे ‘उत्तररामचरित’ हे संस्कृत नाटक घ्या. हा विदर्भातल्या पद्मपूरचा नाटककार, करुण हाच एक रस असे तमसा या नदीदेवतेच्या तोंडून वदवणारा. त्याच्या तिसऱ्या अंकात, सीतेचा त्याग केलेला राम मुक्तकंठाने शोक करतो, मूर्च्छित पडतो, शुद्धीवर येतो आणि पुन्हा शोक करतो. मुक्कामपोस्ट यांच्या कसोटीवर हा अंक सपशेल नापास व्हायला हवा.

तो होत नाही, कारण त्या संपूर्ण अंकात सीता रामाजवळ अदृश्य रूपात उभी आहे. तिच्या स्पर्शाने तो शुद्धीवर येतो, तो स्पर्श त्याला ओळखूही येतो, आणि तरीही ती त्याला दिसत नाही. आपल्याला मात्र दोघेही दिसतात. तेव्हा पात्र रडते की नाही हा प्रश्नच गौण आहे. आपल्याला जे ठाऊक आहे ते पात्राला ठाऊक नाही, या अंतरातून रडू येते. तुम्ही दिलेले परशाचे उदाहरणही माझ्याच बाजूने साक्ष देते.

मुक्कामपोस्ट:
अंतराचा मुद्दा मला मोलाचा वाटतो, पण ते अंतर टिकवायला संयम लागतोच, आणि म्हणून माझी कसोटी मी सोडत नाही. भवभूतीला हवा तेवढा शोक परवडला, कारण ते अंतर त्याने रंगमंचावर साक्षात उभे केले होते. चित्रपटात सहसा पार्श्वसंगीत मध्ये पडते आणि पुढे काय होणार हे पात्राच्या आधी आपल्याला सांगून टाकते, किंवा झाल्यानंतर आपल्याला काय वाटले पाहिजे हे समजावत बसते. नागराज मंजुळे यांनी ‘सैराट’च्या (२०१६) शेवटी हा मध्यस्थच काढून टाकला. ज्या चित्रपटात अजय-अतुल यांच्या गाण्यांनी चित्रपटगृहे नाचली, त्याच्या शेवटी, घरात आईबापांचा खून झालेला असताना, शेजारणीकडून परतलेले त्यांचे लहान मूल दारात पोहोचते आणि आवाज बंद होतो. मूल रडते, पण ते आपल्याला ऐकू येत नाही. मग रक्ताची पावले उमटवत ते बाहेर चालत जाते. त्या जागी एक सूर जरी वाजला असता तरी आपल्याला त्याचा आधार मिळाला असता.

निरांजन:
शांतता हीसुद्धा युक्तीच आहे. व्हायोलिन वाजवले की ती लबाडी आणि व्हायोलिन थांबवले की ती कला, हा भेद मला तरी कळत नाही. दोन्ही ठिकाणी दिग्दर्शकाने ठरवलेल्या सेकंदाला आपला श्वास अडकतो. फरक शोधायचाच असेल तर रडल्यानंतर काय होते ते पाहावे. ‘टिंग्या’त (२००८) जायबंदी झालेला चितंग्या बैल विकायला काढला जातो, आणि शेजारच्या आजारी नानीवर उपचार चाललेले पाहून टिंग्या हे शेतकऱ्याचे पोर विचारते की मग माझ्या बैलावर का नाहीत. आजारी म्हातारी, मुके जनावर, लहान मूल असा मुक्कामपोस्ट यांच्या यादीतला सगळा सोपा माल तिथे हजर आहे, पात्र रडतेही आहे. तरीही त्या प्रश्नाचे उत्तर घरातल्या एकाही मोठ्या माणसाला देता येत नाही, आणि प्रेक्षकालाही येत नाही, कारण बापाच्या डोक्यावरचे कर्ज खरे आहे. ज्या रडण्यात कुणीतरी एक खलनायक ठरतो आणि आपण निर्दोष सुटतो, ते मला स्वस्त वाटते. ‘माहेरची साडी’तली सासू आपल्याला नेमकी ती सोय करून देते.

जुनी पेटी:
सासूबद्दलचा आक्षेप मी समजू शकते, जरी अशा सासवा कुणी कल्पनेतून घडवल्या नव्हत्या, आणि चित्रपट पाहून घरी परतलेल्या कित्येकींना त्या रात्री त्यांच्याच हाताखाली स्वयंपाक करायचा होता. परंतु ‘सैराट’चा तो शेवट आपण सगळेच अर्धवट सांगतो आहोत. मारेकरी दार फोडून येत नाहीत. घरच्यांच्या विरोधात पळून जाऊन लग्न केलेल्या आर्चीने आईला फोन केलेला असतो आणि त्यानंतर तिचा भाऊ आणखी काही जणांसह, आईने पाठवलेल्या वस्तू घेऊन, पाहुणा म्हणून हैदराबादच्या त्या घरी येतो. आर्ची त्यांच्यासाठी चहा करते. जिच्यासाठी माहेरचा रस्ता बंद झाला होता, तिच्या दारात माहेर भेटवस्तू घेऊन आले आहे, आणि ती घाबरलेली असूनही चहा ठेवते, कारण माहेरचे माणूस आले की मुलगी दुसरे काय करणार? त्या पिशवीकडे बघताना मराठी बाईच्या मनात जी आशा उठते, ती तिथे मंजुळे यांनी निर्माण केलेली नाही. ती ओव्यांनी केली आहे, भाऊबिजेने केली आहे आणि तुम्ही ज्याला रडारड म्हणता त्या विजय कोंडके यांच्या ‘माहेरची साडी’नेही केली आहे. मंजुळे यांनी ती वापरली आणि तिच्यातूनच घात घडवून आणला.

तिसरी घंटा:
हे पटले. चहाच्या वेळी आपल्याला संशय आहे, तिलाही आहे, पण तिला तो बाजूला ठेवावासा वाटतो. माझ्या ‘अंतरा’त ही तिसरी शक्यता धरलेली नव्हती.

मुक्कामपोस्ट:
जुनी पेटी यांचे ‘सैराट’चे वाचन मला पूर्ण मान्य आहे, परंतु त्यातून ‘माहेरची साडी’ चांगला चित्रपट ठरत नाही. फार तर तो महत्त्वाचा ठरतो. आर्ची चहा ठेवते, रडत नाही, एवढे मी पुन्हा नोंदवतो. निरांजन यांना मात्र एक विचारायचे आहे. खलनायक नसणे ही कसोटी मानली, तर ‘सैराट’मध्ये तर मारेकरी उघड उघड समोर बसून चहा पितात, मग तो शेवट तुम्ही कुठे ठेवाल?

निरांजन:
‘टिंग्या’च्या खाली. ते रडू मला फार जोरात आले होते, पण ते मारेकऱ्यांवरच्या संतापात मिसळून गेले, आणि संतापाला रडण्याइतके विचारात पाडता येत नाही. यावर मला विरोध होणार हे गृहीत धरूनच लिहितो आहे.