शब्दचर्चा: मेमरी डंप काढतात, घेतात की मारतात?

शंकेखोर:
आयबीएम ३७४५ या कम्युनिकेशन्स कंट्रोलरवर मराठीत टिपण लिहितोय. मेनफ्रेम म्हणजे मोठा मध्यवर्ती संगणक आणि टर्मिनलच्या लाइनी यांच्या मधे बसणारं १९८८ सालचं धूड. त्यातल्या 'डंप'ला काय म्हणावं? मेमरीत जे असेल ते जसंच्या तसं बाहेर काढून बिघाड शोधायला ठेवणं, हा अर्थ. 'स्मृतिक्षेप' लिहिलं तर मित्र हसले.

खटपट्या:
हसणारच, मानसोपचारातला शब्द वाटतो. 'उतारा' का नको? सातबाराचा काढतात तसा मेमरीचा.

कळफलक:
उतारा नेमक्या गटाचा काढतात, हवा तेवढाच. डंपमध्ये प्रोग्राम, टेबलं, रांगेत अडकलेले संदेश, मधली रिकामी जागा, सगळं एकगठ्ठा येतं. शिवाय उतारा विषावरही असतो आणि दृष्ट लागल्यावरही.

तारयंत्री:
नाम डंपच राहू द्या, खरी भानगड क्रियापदात आहे. सॅप या कंपन्यांच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरवर काम करणारे म्हणतात 'प्रोग्रामने डंप मारला' आणि डंप दाखवणारा एसटी२२ हा स्क्रीन उघडून बसतात. तो डंप कोणी मागितलेला नसतो. कंट्रोलरमध्ये चालणारा एनसीपी, म्हणजे लाइनींचं जाळं सांभाळणारा प्रोग्राम, कोसळला तर तिथेही 'डंप पडला' म्हणा हवं तर. पण ऑपरेटर मेनफ्रेमवरून आज्ञा देऊन मागवतो, तेव्हा डंप 'काढतात' किंवा 'घेतात'. त्यातही स्टॅटिक डंपसाठी एनसीपी थांबवावा लागतो, म्हणजे त्याच्या लाइनी गेल्याच. डायनॅमिक डंप काम चालू असतानाच निघतो, पण वाचता वाचता मेमरी बदलत राहते. पहिल्या पानावरचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या दुसऱ्या जागेचा पत्ता, पुढच्या पानावर भलत्याच ठिकाणी नेऊन सोडतो आणि माणूस नसलेला बिघाड शोधत बसतो.

आणि नुसतं 'कंट्रोलरचा डंप' लिहू नका. ३७४५ मध्ये एनसीपीचा वेगळा, लाइनी सांभाळणाऱ्या स्कॅनर प्रोसेसरचा वेगळा, देखभालीच्या मॉस या उपयंत्रणेचा वेगळा.

शंकेखोर:
हे कामाचं. 'कोअर डंप'मधल्या कोअरला मी 'गाभा' लिहिलंय.

कळफलक:
खोडा. ते कोअर म्हणजे जुन्या मेमरीतल्या फेराइटच्या बारीक कड्या, एका कडीत एक बिट. कड्या गेल्या, चिप आल्या, नाव तेच राहिलं. युनिक्समध्ये प्रोग्राम कोसळला की 'कोअर' नावाची फाइल अजून पडते.

शंकेखोर:
माझ्याकडे डंपचा एक नमुना आहे. डावीकडे पत्ते, मधे हेक्स (सोळाच्या पायाचे) आकडे, इथपर्यंत ठीक. उजव्या रकान्यात मात्र ओळीच्या ओळी ईमेलमधल्या ॲटच्या चिन्हांनी भरल्यात. फाइल खराब आहे का?

तारयंत्री:
फाइल ठणठणीत आहे. तुमचा व्ह्यूअर ती आस्की, म्हणजे साध्या संगणकांच्या अक्षरसंकेतातली, समजून दाखवतोय. मेनफ्रेमचा संकेत एबसिडिक. त्या संकेतात हेक्स ४० म्हणजे कोरी जागा, आस्कीत तेच ४० म्हणजे ॲट. सेटिंग बदला, ती चिन्हं जातील. मग सी१ असेल तिथे ए हे अक्षर दिसेल, एफ१ असेल तिथे १ चा आकडा. छापता न येणाऱ्या बाइटच्या जागी बहुधा टिंब.

शंकेखोर:
बदललं, लाइनींची नावं दिसायला लागली! आता शीर्षक 'स्कॅनरचा डंप काढणे'. डंपचा, डंपमध्ये असंच लिहू ना? व्याकरणाने डंपाचा, डंपात व्हायला हवं.

खटपट्या:
'डंपात' ऐकलं की मला वाळूचा डंपर दिसतो.

कळफलक:
डंपमध्येच लिहा. पंपाचं 'पंपात' झालं, कारण तो गावोगाव विहिरीवर बसला. डंप अजून सर्व्हररूमच्या बाहेर आलेला नाही.