पवनीसारख्या जुन्या गावात संसार: आपापले अनुभव सांगा

विदर्भाला समुद्र नाही, पण नदीकाठची जुनी गावं आहेत. वैनगंगेकाठची पवनी त्यातलीच: परकोट, घाट, जिकडेतिकडे देवळं. यजमानांची बदली तिकडे होण्याची चिन्हं आहेत, मुलगी चौथीत. 'छान गाव आहे' एवढंच नको. शाळा, दवाखाना, डास, सगळं लिहा.

पवनीची सून
डास आहेत, भरपूर.
पावसाळ्यात इथे कोणी हवामान विचारत नाही, गोसीचे दरवाजे विचारतात. गोसेखुर्द धरण गावाच्या वरच्या अंगाला, दरवाजे ३३. 'इतके उघडले, अर्ध्या मीटरने' असा निरोप मोबाइलवर आला की घाटाकडच्या घरांत तांदळाची पोती माळ्यावर चढतात. नात आकडे त्या निरोपांवरूनच शिकली, असं सासरे सांगतात. थोडं वाढवून सांगतात, पण फार नाही.
नदी मात्र पूर्वीची राहिली नाही. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, तिथून वैनगंगेला मिळतं. सासूबाई कार्तिकात वैजेश्वर घाटावर अंघोळ करायच्या. मी पोरांना नुसते पाय बुडवू देते, तेही घरी आल्यावर साबणाने धुवायच्या बोलीवर.

बदलीवर आलेला मास्तर
दहावीपर्यंत काळजी नको. पुढे जेईई-नीटचं वेड असेल तर नागपूर आहेच.
जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झालं, ख्रिस्तपूर्व काळातला बौद्ध स्तूप निघाला. वर्ग घेऊन गेलो, तासभर बोललो. शेवटी एक पोरगा म्हणाला, "सर, इथं तर आमच्या बकऱ्या चरतात." त्याला तिथल्या विटांचे ढीग माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. पुढच्या वेळी त्यालाच बोलायला लावलं.

ढिवराचा पोरगा, सध्या पुण्यात
बाप जाळं टाकाचा. आता पाणी कवा सुटन त्याचा नेम नाही, जाळं वाहून जाते. म्हणून आमाले शिकवलं.
पण मंडईले, म्हंजे आमच्याकडच्या जत्रेले, येतोच. भाऊबीज झाली का गावोगाव मंडई अन् रातभर नाटक. बायको पुण्याची. तिले वाटलं बारा वाजता संपन. पहाटे चारले खलनायक जिताच होता, अन् ती पुढं सरकून बसली होती.

नाव नको
बाळंतपण असेल तर आठव्या महिन्यातच भंडारा किंवा नागपूर गाठा. आम्हाला मध्यरात्री 'पुढे न्या' सांगितलं. गाडी मिळेपर्यंत जीव टांगणीला. बाळ-बाळंतीण सुखरूप, पण ती रात्र कोणावर येऊ नये.

पवनीची सून
घराचं राहिलंच. कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर फोटोत गोड दिसतं. माकडं कवेलू फोडतात आणि फेरायला माणूस मिळत नाही. स्लॅबचंच बघा. कोणत्या वॉर्डात बघताय ते लिहा, तिथवर पाणी येतं का ते सासऱ्यांना विचारून सांगते.