दादरच्या घरातला पियानो : काढण्याआधी एकदा नीट बघू या

बापूकाका: सर्वांना नमस्कार. हिंदू कॉलनीतलं घर महिनाअखेर रिकामं करून चावी बिल्डरला द्यायची आहे. भांडी, कपाटं वाटून झाली. आईचा पियानो तेवढा राहिलाय. जुन्या फर्निचरवाला बघून गेला. नेतो म्हणाला, पण पैसे अगदीच किरकोळ. उद्या हो म्हणू का?

ताई: बापूकाका, कृपया थांबा. कुणी केलेला, कुठल्या काळातला आणि अजून सुरात येऊ शकतो का, हे कळल्याशिवाय देऊ नका. पट्ट्यांवरच्या झाकणावर काय लिहिलंय?

माईआत्या: सोनेरी अक्षरं होती गं. आई रोज फडकं मारायची, त्यात झिजली. "…ब्रिन्समीड अँड सन्स, लंडन" एवढंच लागतं. पुढची अक्षरं गेलीत. खाली पदकांची चित्रं आहेत, एकावर १८७८ दिसतंय.

ताई: आत्या, गेलेली अक्षरंच महत्त्वाची आहेत. जॉन ब्रिन्समीड हे लंडनचे नावाजलेले पियानो बनवणारे, विग्मोर स्ट्रीटवर त्यांची पेढी होती. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनानंतर फ्रान्सने त्यांना 'लीजन ऑफ ऑनर' दिला. पुढे त्यांच्याकडेच नोकरी केलेल्या थॉमस एडवर्ड ब्रिन्समीड यांच्या नावाने दुसरी कंपनी निघाली. आडनाव तेच, त्यामुळे गिऱ्हाईक फसायचं. कोर्टकचेऱ्या झाल्या आणि १८९७ मध्ये ती कंपनी गुंडाळावी लागली. म्हणून नुसत्या आडनावावर जायचं नाही.
वरचं झाकण उचला. आत बिडाची चौकट दिसेल. तिच्यावरची अक्षरं ओतीव असतात, फडक्याने जात नाहीत. नंबरही तिथेच कुठेतरी असेल. दोन्हीचे फोटो टाका.

भाऊ: मी इथेच आहे, फोटो टाकले. चौकटीवर 'जॉन' स्वच्छ वाचता येतंय. 🙏 नंबर पाच आकडी आहे.

ताई: मग पियानो खरा त्यांचाच. पदकावर १८७८ असेल तर त्याआधीचा असूच शकत नाही. नक्की साल नंबरावरून काढता येईल, कंपन्यांच्या नंबरांच्या जुन्या याद्या असतात. भाऊ, आता पांढऱ्या पट्टीचा जवळून फोटो काढ. रुंद भाग आणि मागची अरुंद शेपटी यांच्यामध्ये केसासारखी आडवी रेघ आहे का बघ.

भाऊ: आहे. सगळ्या पट्ट्यांवर आहे.

ताई: म्हणजे बहुतेक हस्तिदंत. तो असा दोन तुकड्यांत चिकटवत, सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्लॅस्टिकची, पट्टी सहसा अखंड असते.

दादा (न्यू जर्सी): मग मीच नेतो. आजीच्या मांडीवर बसून मी त्यावर बोटं ठेवलीत. जहाजाचा खर्च माझा.

ताई: दादा, तुझी ओढ कळते, पण ते सोपं नाही. १०० वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरली तर १९७२ च्या कायद्याप्रमाणे खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. ती तशी नाही असा दाखला पुरातत्त्व खात्याकडून आणावा लागेल. शिवाय हस्तिदंत. त्याच्या व्यापारावर वन्यजीव कायद्याने बंदी आहे, १९८६ मध्ये भारतीय हस्तिदंतावर आली, १९९१ मध्ये आफ्रिकी हस्तिदंतावरही. म्हणून काका, वनखात्याला विचारल्याशिवाय त्या फर्निचरवाल्यालाही विकू नका.

वहिनी: पण एवढा जुना आणि नावाजलेला, म्हणजे किंमत मोठी असेल ना?

ताई: नाही वहिनी. इथेच सगळ्यांचा गैरसमज होतो. उभे पियानो त्या काळात हजारोंनी झाले. व्हायोलिनसारखा पियानो वयाने मुरत नाही, झिजतो. दोनशेच्या वर तारा असतात, सगळ्या मिळून पंधरा-वीस टनांनी ओढत असतात. तो ताण बिडाची चौकट पेलते, आणि तारा ज्या खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात त्या लाकडात ठोकलेल्या असतात. चौकटीला तडा असेल तर दुरुस्तीत अर्थ नाही. खुंट्या सैल असतील तर आज लावलेला सूर आठवड्यात उतरतो. मुंबईच्या दमट हवेत सरस सुटतो, तारा गंजतात, बनातीला, म्हणजे आतल्या जाड लोकरी कापडाला, कसर लागते. भाऊ, मागून आणि खालून वाळवी बघ. आणि काका, पॉलिश आत्ता करू नका, त्याने आवाजात काही फरक पडत नाही.

भाऊ: वाळवी नाही. तडा दिसत नाही. चार पट्ट्या बसल्यात, बाकी सगळ्या वाजतात. खालची फळी काढली तर आत एक बल्ब लटकतोय!

माईआत्या: अरे देवा. तो आईचा. पावसाळा लागला की चार महिने रात्रंदिवस चालू असायचा. बिल वाढतं म्हणून बाबा कुरकुरायचे. आई म्हणायची, त्याला सर्दी होते.

ताई: आत्या, आजीमुळेच तो अजून वाजतोय. त्या ऊबेने आतली ओल कमी राहते. रविवारी ट्यूनर येतोय, मी बोलले. खुंट्या किती घट्ट आहेत ते तो हत्याराने फिरवून सांगेल. धरत असतील तर पियानो माझ्याकडे ठाण्याला येईल, भिंत मोजून ठेवलीय. दोन-अडीचशे किलोचा ऐवज आहे, पियानो हलवणारी माणसंच बोलवू. धरत नसतील तर पुन्हा इथेच बोलू.

बापूकाका: फर्निचरवाल्याला नाही म्हणून कळवलं. पाऊस आहे म्हणून बल्ब लावून बघितला, उडालाय. नवा एलईडी आणू का?

ताई: एलईडी नको काका, त्याला ऊब नसते. जुना तारेचा आणा, आणि लाकडाला, बनातीला टेकू देऊ नका.

बापूकाका: किती वॅटचा?

माईआत्या: पंधराचा. आई पंधराचाच लावायची.