मदत हवी आहे: टॅरोच्या ‘चंद्र’ पत्त्यातला तो जलचर नेमका काय सांगतो?

नमस्कार मंडळी, मी नाशिकची. वर्षभरापासून टॅरो (चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य किंवा मन वाचण्याची पद्धत) शिकतेय, रायडर-वेट संचावर (1909 चा, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची). 18 व्या पत्त्यावर, म्हणजे ‘चंद्रा’वर, अडकलेय.

चित्रातला कुत्रा आणि लांडगा म्हणजे माणसाळलेलं आणि रानटी मन, हे पटतं. दोन बुरुजांमधून डोंगरांकडे जाणारी वाटही समजते. पण तळ्यातून वर येणारा तो खेकड्यासारखा प्राणी? आजीकडून थोडं ज्योतिष शिकलेय, म्हणून मी लगेच म्हटलं: कर्क रास, स्वामी चंद्र, जुळलं! मग वाचलं की गोल्डन डॉन या जुन्या इंग्रजी गूढविद्या संघटनेच्या पद्धतीत हा पत्ता मीन राशीचा, कर्क ‘रथ’ या पत्त्याकडे आणि चंद्र ग्रह ‘हाय प्रीस्टेस’ या पत्त्याकडे. सगळा हिशोबच विस्कटला.

काल संध्याकाळी गोदाघाटावर पत्ता हातात घेऊन बसले होते. पाण्याकडे बघताना वाटलं, तो प्राणी म्हणजे अजून शब्द न सापडलेली भीती असावी, अर्धी बाहेर, अर्धी आत. हा अर्थ मला फार जवळचा वाटतो.

जाणकारांनो, पत्त्यांचं वाचन करताना तुम्ही राशीला महत्त्व देता की चित्राला? आणि हा पत्ता उलटा आला, तर तो प्राणी पाण्यात परत जातोय असं धरायचं का?