पुण्यातून परत यायचंय: घर जळगावात घ्यावं, धुळ्यात की भुसावळला?

तापीपार

नमस्कार मंडळी. मी मूळचा चोपडा तालुक्यातला, बरीच वर्षं पुण्यात नोकरीला. आता कंपनीने घरून काम कायमचं मंजूर केलंय, महिन्यातून एखाद्या वेळी ऑफिसात तोंड दाखवलं की झालं. आई-वडील गावी शेतावरच आहेत. वडिलांचे गुडघे दुखतात, आईला शुगर आहे. दोघांना पुण्यात आणून पाहिलं, करमत नाही. गावात राहायचं तर मुलीच्या शाळेची अडचण, कारण ती आता पाचवीत जाईल.

बजेट 50 लाखांपर्यंत, त्यातलं निम्मं कर्ज. पुण्यात एवढ्या पैशांत शहराच्या टोकाला छोटा फ्लॅट मिळतो आणि निम्मं आयुष्य रस्त्यावर जातं. इकडे काय घ्यावं आणि कुठे? फ्लॅट, रो-हाऊस की प्लॉट घेऊन बांधकाम? तिथे राहणाऱ्यांनी मोकळेपणाने सांगा. जाहिराती खूप पाहून झाल्या.

मेहरूणकाठ

दादा, चोपड्याला जाऊन-येऊन राहायचं असेल तर जळगाव. विदगावच्या पुलावरून तापी ओलांडली की आपलंच रान. सकाळी शेतावर आणि दुपारी परत घरी, हे जमतं.

मी जन्मापासून इथेच आहे, म्हणून आधी चांगलं सांगतो. शहर मोठं आहे, पण इतकंही नाही की शाळा, दवाखाना आणि बाजार यांतलं एक निवडावं लागावं. महाबळला राहिलात काय आणि रिंग रोडला काय, दाणा बाजार, फुले मार्केट, एम. जे. कॉलेज, रेल्वे स्टेशन सगळं गाडीवर थोड्या वेळाच्या अंतरात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2018 ला सुरू झालं, खासगी दवाखाने तर आधीपासूनच भरपूर. आजूबाजूचे तालुके उपचाराला इथेच येतात. मुलगी पुढे मोठी झाली तर बांभोरीला विद्यापीठ आहे, 1990 पासूनचं. रेल्वेचं म्हणाल तर मुंबईची मुख्य लाइन आणि सुरतची लाइन दोन्ही इथे मिळतात. पुण्याला जायला महाराष्ट्र एक्सप्रेस आहे. 2024 ला पुण्याचं विमानही सुरू झालं, पण विमानाच्या भरवशावर घर घेऊ नका, अशी उड्डाणं कधी बंद होतील सांगता येत नाही.

आता दुसरी बाजू. रस्ते. जुन्या शहरातले बरे होत आलेत, पण पिंप्राळा, सावखेडा, निमखेडी या अंगाला ज्या नव्या कॉलन्या पसरल्यात तिथे जुलै-ऑगस्टमध्ये एकदा गाडी घालून बघा. काळ्या मातीचा गारा मडगार्डमध्ये भरतो आणि चाक फिरत नाही. जाहिरातीत हाच प्लॉट 'हायवे टच' असतो. लेआउट मंजूर झाला म्हणजे रस्ता झाला, असं नसतं.

पिंप्राळा गेट

घर लेवाना पयले पानी देखा भाऊ, मंग बाकीनं.

मेहरूणकाठ

अगदी बरोबर. जळगावला वाघूर धरणाचं पाणी येतं. नळ रोज येत नाही, एक-दोन दिवसांआड येतो, आणि पाइपलाइन कुठे फुटली की अजून पुढे जातो. प्लॉट बघायला जाल तेव्हा मालकाला विचारू नका. शेजारच्या घरातल्या ताईंना विचारा की नळ कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती वेळ येतो, मोटर न लावता पाणी चढतं का. त्यांच्या दारातला हौद केवढा आहे ते बघा. हौद मोठा असेल तर त्या गल्लीचं उत्तर तुम्हाला मिळालं.

गल्ली नंबर चार

धुळ्याची बाजू कोणीतरी मांडायला हवी.

आमचं गाव आखून बसवलेलं आहे. 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्जने नवी पेठ आखली, सरळ रस्ते आणि नंबरच्या गल्ल्या, अजून पत्ता त्यानेच सांगतात. पांझरेच्या पलीकडे देवपूर आहे. शाळा-कॉलेजं त्या बाजूला भरपूर, वातावरण शांत, आणि नोकरदार माणूस तिथेच घर बघतो. वाडीभोकर रोड, वलवाडी, नकाणे रोड ही नावं ध्यानात ठेवा. हिरे मेडिकल कॉलेज जळगावच्या कितीतरी आधीपासून आहे.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. तुम्हाला नाशिक-पुण्याकडे गाडीने जायचं असेल तर धुळ्यासारखी सोय खान्देशात दुसरीकडे नाही. रेल्वे मात्र कमजोर, चाळीसगावची एक शाखा आहे एवढंच. मनमाड-इंदूर मार्गाला केंद्राने 2024 मध्ये मंजुरी दिली आणि तो धुळ्यावरून जाणार आहे. पण रूळ पडेपर्यंत त्याचे पैसे प्लॉटच्या भावात मोजायची गरज नाही, आणि विकणारे मोजायला लावतात.

पाण्याबद्दल खरं सांगतो. नकाणे तलाव, डेडरगाव, तापी आणि आता अक्कलपाडा, एवढे स्रोत असून आम्ही आठ-आठ दिवस नळाची वाट पाहिलेली आहे. अक्कलपाड्याच्या योजनेने फरक पडलाय, पण सगळ्या भागांत सारखा नाही. भागानुसार विचारा.

दीपनगर

भुसावळचं थोडक्यात सांगतो. गाड्यांच्या बाबतीत आमचा हात कोणी धरणार नाही, मध्य रेल्वेचा विभागच इथे आहे. रेल्वे, वीज केंद्र, आयुध निर्माणी यांच्यामुळे पगारदार वस्ती जास्त आणि भाडेकरू पटकन मिळतो. पण तुमच्या घरात दोन आजारी माणसं आहेत. मोठ्या दवाखान्याला शेवटी जळगावच गाठावं लागतं. म्हणून तुम्हाला मी भुसावळ सुचवणार नाही, आणि हे मी भुसावळचा असून सांगतोय.

मुरूम लागेपर्यंत

मी साइटवर काम करणारा माणूस आहे, म्हणून शहर कोणतं यापेक्षा जमीन कोणती हे सांगतो. बांधायचं ठरवलंत तर हे नीट वाचा.

आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पावसात तीच माती फुगते. दरवर्षी ही उघडझाप चालते आणि वरचं घर हलतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघालेली दिसली की समजा, पाया मातीतच थांबवलाय. पाया मुरमापर्यंत, म्हणजे मातीखालच्या घट्ट खडकाळ थरापर्यंत, न्यायलाच हवा. जळगावात एका अंगाला थोडं खोदलं की मुरूम लागतो, दुसऱ्या अंगाला खोदत राहावं लागतं. आणि तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यात, यावल-रावेरकडे, गाळाची जमीन एवढी खोल आहे की मुरमाचा नादच सोडावा लागतो. तिथे इंजिनिअर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली फुगवटा असलेले काँक्रीटचे खोल खांब, सुचवतात. खर्चात यानेच मोठा फरक पडतो. स्वस्त प्लॉट पाया घालताना महाग होतो. प्लॉट घेण्याआधी शेजारी नुकतं बांधलेल्या माणसाला विचारा की मुरूम किती फुटांवर लागला. तो एका वाक्यात सांगेल. प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरची काँक्रीटची तुळई) सोडू नका, आणि फरशीखाली काळी माती भरू देऊ नका, पूर्ण काढून मुरूम भरून ठोकून घ्या.

दुसरं म्हणजे ऊन. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो आणि पश्चिमेची भिंत रात्री उशिरापर्यंत गरम राहते. झोपायच्या खोल्या पश्चिमेला काढू नका. तिकडे जिना, संडास-बाथरूम, साठवणीची खोली टाका. गच्चीला विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर पांढरी चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांची) करा. आपली हवा कोरडी असल्यामुळे कूलर छान चालतो, पण त्याला समोर हवा बाहेर जायला खिडकी हवी. ती नसेल तर खोली नुसती दमट होते. फ्लॅट बघत असाल तर दुपारी चार वाजता बघा, तेही उन्हाळ्यात. बिल्डर सकाळी बोलावतो.

कळण्याची भाकरी

इथे सगळे प्लॉट-प्लॉट म्हणताहेत, म्हणून मी फ्लॅटच्या बाजूने लिहिते. सासूबाईंचं वय झाल्यावर आम्ही रो-हाऊस सोडून लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये आलो. रात्री-बेरात्री दवाखान्यात न्यायचं तर शेजारी दार उघडून उभे असतात. बाहेरगावी जाताना नुसतं कुलूप लावायचं. तुमच्या वडिलांचे गुडघे दुखतात, त्यांना जिन्याचं घर कसं चालेल?

मात्र फ्लॅट घेताना गच्चीचा हक्क विचाराच. आमच्या आधीच्या सोसायटीत वरच्या मजल्याबरोबर गच्चीही विकली होती. मार्च-एप्रिलमध्ये बिबड्या, कुरडया, पापड कुठे वाळवायचे? खान्देशात ही गच्ची म्हणजे बायकांचं अर्ध्या उन्हाळ्याचं अंगण असतं. पहाटे चार-पाच जणी मिळून बिबड्या थापतात, नवीन आलेल्या सुनेची ओळख तिथेच होते. तुमच्या आईला गावाबाहेर करमायचं असेल तर दवाखान्याइतकीच ही जागा महत्त्वाची आहे.

मेहरूणकाठ

ताई, मुद्दा पटला, पण म्हणूनच मी तळमजल्यावर राहण्यासारखं बैठं घर म्हणतो. आई-वडिलांची खोली खाली, पुढे ओटा, मागे थोडं अंगण. शेतावरून आलेला गहू-ज्वारी ठेवायला जागा लागते, ती फ्लॅटमध्ये कुठून आणणार? आणि छत स्वतःचं असलं की सोलरही बसतं. पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. आमच्याकडे एसी आणि कूलर चालणाऱ्या महिन्यांत त्याचा अर्थ कळतो.

आमच्यासारख्या शहरात यायचं कारणच हे आहे, की पगारदार माणसाला अजून जमिनीवरचं घर घेता येतं. इथे येऊनही पाचव्या मजल्यावरच राहायचं, तर मला ते पटत नाही.

कळण्याची भाकरी

घरात सगळे धडधाकट असतील तोवर ठीक आहे. मी माझं मत बदलणार नाही.

सातबारा

कागदांचं कोणी बोललं नाही. बिनशेती आदेश, नगररचना विभागाने मंजूर केलेला लेआउट आणि त्यात तुमचा प्लॉट नंबर, हे तिन्ही डोळ्यांनी बघा. लेआउटमधली खुली जागा नकाशात कुठे आहे आणि प्रत्यक्षात तिथे काय आहे, तेही बघा. एक-दीड गुंठ्याचा शेतातला तुकडा कोणी 'नंतर एनए (बिनशेती) होऊन जाईल' म्हणून देत असेल तर तिथून उठा. लेआउट किंवा बिल्डिंग अगदी छोटी नसेल तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, नोंदणी नंबर लागतो. तो वेबसाइटवर टाकून बघा. बँक तिच्या वकिलाकडून सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजाची तपासणी) काढते, तरी तुमचा वकील वेगळा ठेवा. बँकेला तिच्या कर्जाची काळजी असते.

जीएसटीचंही सांगतो. भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगी) मिळालेल्या तयार घराला जीएसटी नाही. चालू बांधकामात 45 लाखांपर्यंतचं आणि आपल्याकडे 90 चौरस मीटर कार्पेटच्या आतलं घर असेल तर 1 टक्का, नाहीतर 5 टक्के. तुमच्या बजेटला ही रेषा अगदी जवळून जाते.

तापीपार

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी वाचून दाखवलं. वडील म्हणाले जळगाव, कारण शेत सुटणार नाही. आईने पहिला प्रश्न गच्चीचाच विचारला.

सध्या ठरतंय ते असं: बांधलेलं, काही वर्षं वापरातलं बैठं घर बघायचं. चीर, नळ आणि पावसातला रस्ता, तिन्ही गोष्टी डोळ्यांना दिसतील म्हणून. महाबळ आणि गिरणा पंपिंग रोडच्या बाजूने सुरुवात करतो. घर बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात सवलत आहे म्हणतात, ते खरं का?

सातबारा

खरं आहे. राहत्या घराचं खरेदीखत फक्त महिलेच्या नावावर केलं तर 1 टक्का कमी लागतो. तुमचं नाव सोबत टाकलं की सवलत गेली. नोंदणी फी वेगळी, 1 टक्का, पण 30,000 च्या वर जात नाही. कर्जात दोघं असाल तर मालकी एकटीच्या नावावर चालते का, ते साठेखत (खरेदीखताआधीचा करार) करायच्या आधी बँकेकडून लेखी घ्या.

मुरूम लागेपर्यंत

जुनं घर बघताना माळ्यावरच्या छताचे कोपरे आणि बाथरूमच्या मागची भिंत बघायला विसरू नका. नुकताच रंग दिलेला असेल तर एक पावसाळा थांबा.